मामा बोटीवर असताना

अदिती, ऐक. नाही, आधी तो फोन पालथा ठेव आणि फक्त ऐक. मधे सल्ला द्यायचा नाही. शेवटी मी विचारीन तेव्हा बोल. घरी सांगायची सोय नाही गं, बाबा म्हणणार, नोकरी नवीन आहे, तोंड मिटून राहा. आणि मला तर बोलल्याशिवाय जेवण जात नाहीये.

माझी शाळा माहितीये ना? रानशेतच्या पुढे, स्कूटी वर लावायची आणि शेवटचा उतार चालत जायचा, ती. दोन खोल्या, चौथीपर्यंत वर्ग, विष्णू सर हेडमास्तर आणि मी. संपली शाळा. पोरं सगळी पाड्यावरची, घरी वारली बोलणारी. म्हणजे आपल्याला शाळेत इंग्लिश कसं होतं, तशी त्यांना मराठी. बाजारात कानावर पडलेली, मोबाइलवर ऐकलेली, पण चुलीपाशी कोणी बोलत नाही. आणि पुस्तक मराठीत, परीक्षा मराठीत, ओरडा खायचा तोपण मराठीत! म्हणून मी आल्या आल्याच त्यांच्याशी सौदा केला. मी तुम्हाला मराठी शिकवते, तुम्ही मला वारली शिकवा. दर शनिवारी ते माझी परीक्षा घेतात. खरंच! पांड्या म्हणून एक कार्टं आहे, ते माझ्या खुर्चीत बसतं, पायावर पाय टाकून, आणि मला प्रश्न विचारतं. मी चुकले की सगळा वर्ग जमिनीवर लोळतो. मागे मला म्हणतो कसा, "बाई, तुमच्यापरीस सरांची म्हैस बरी बोलते." हसू नको. म्हशीच्या खाली आहे माझा नंबर.

तर ह्या वर्गात गंगी. चौथीतली. आणि एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेव, गंगीला मराठी येते. चांगली येते. आईबरोबर डहाणूच्या बाजारात रानभाज्या, मोहाची फुलं असलं काय काय विकायला बसते. आई, बायजी, लाजते, मग गिऱ्हाइकाशी गंगीच बोलते. मी स्वतः उभी राहून ऐकलंय. एक बाई भाजीच्या जुड्या उलट्यापालट्या करत होती, तर गंगी म्हणाली, "ताई, सगळी चांगली तुम्हीच न्याल तर उरलेली मी कुणाच्या तोंडाकडे बघून विकू?" आता मला सांग, हे वाक्य कुठल्या पुस्तकात आहे?

पण तपासणीत नापास. तालुक्याहून मॅडम येतात ना, भाषेची तपासणी असते, एकेका मुलाला समोर बसवून. आधी उतारा वाचायचा, मग प्रश्न, आणि शेवटी एक चित्र देतात हातात, ह्याच्यावरून गोष्ट सांग. गोष्टीला निम्मे मार्क. दिवाळीआधी झाली तेव्हा गंगीने उतारा धाडधाड वाचला, उत्तरं दिली, आणि चित्र हातात आल्यावर तोंडच शिवलं तिने. मॅडमनी गोड बोलून पाहिलं, चॉकलेट दाखवलं, काही नाही. शेरा काय आला माहितीये? 'स्वतःची वाक्ये रचता येत नाहीत.' गंगीला!

मी म्हटलं, घाबरली असेल, पुन्हा आहेच की मार्चमध्ये. पण मार्चचं प्रकरण वेगळं होतं. दुसऱ्यांदा पण तसंच झालं तर तिला पाचवीला आशागडच्या मोठ्या शाळेत पाठवायचं नाही, परत चौथीतच बसवायचं, असं ठरलं. आणि तिचा बाप शाळेत येऊन सांगून गेला, "बाई, पोर दोनदा एकाच जागी बसवायची, तर त्यापेक्षा माझ्यासंगं चिकूच्या वाडीत येऊ दे. चिकू तरी गोळा करंल." रागाने नाही हं बोलला. रागाने बोलला असता तर मी भांडले असते. अगदी शांतपणे, उन्हात उभं राहून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन बोलला आणि गेला.

मग मी इरेला पेटले. रोज चित्रं. मी पेपरातली कापून आणायची, पोरांनी गोष्टी जोडायच्या. पांड्याच्या गोष्टीत प्रत्येक वेळी कोणीतरी विहिरीत पडायचं. हिरी, म्हणजे गंगीच्या शेजारी बसते ती, तिच्या गोष्टीत सगळे शेवटी जेवायचे. गंगीची पाळी आली की गप्प. चित्रात काय आहे विचारलं तर सगळं सांगायची, ही म्हातारी, ही कोंबडी, कोंबडीची तंगडी मोडली आहे. 'मग पुढे काय झालं?' विचारलं की संपलं. खाली मान. एक दिवस मी चिडलेच. म्हटलं, "गंगे, तुला वाडीत जायचंय का चिकू वेचायला?" तर तिच्याऐवजी हिरी फाडकन उठली. म्हणते, "बाई, तिला नका बोलू. तिचा मामा बोटीवर हाय."

म्हटलं, मग?

तर सगळी पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी शनिवारी चुकते तेव्हा बघतात. हिरी म्हणाली, "दिसाची गोष्ट सांगली का मामा वाट चुकतो ना बाई. रातची सांगायची."

अगं, आणि माझ्या डोक्यात एकदम ती आपल्या बिल्डिंगमधली गुजराती काकू आली! आठवतंय? आपण जिन्यात बसून गोष्टी सांगत होतो तर ओरडली होती, दिवसा वार्ता सांगू नका, मामा घर विसरेल. आपण किती हसलो होतो. पण आपले मामा कुठे हरवणार होते? माझा मामा विरारला राहतो, त्याला चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. गंगीचा मामा, रघ्या, दसरा झाला की गुजरातेत वेरावळला जातो, तिथल्या बोटीवर खलाशी म्हणून. पाड्यावरचे कितीतरी पुरुष जातात तसे. होळीला परत यायचं, मधे समुद्र. बाकीच्या पोरांचे मामा शेतात नाहीतर वाडीत, म्हणून ती दिवसा विहिरीत माणसं पाडू शकत होती. गंगी नाही.

पांड्याला वाटलं सोपं आहे. त्याने उठून दार लावलं, खिडक्या लावल्या, आणि काळोखात ओरडला, "रात झाली! सांग आता!" सगळी हसली. मीपण. गंगीने नुसतं वर बोट केलं. पत्र्याला भोक आहे, त्यातून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडला होता, बरोबर तिच्या पायाशी. ती म्हणाली, "दिस हाय अजून. दिसतंय त्याला."

हसणं बंद झालं, अदिती. कारण त्या वेळेला पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून, की होळी तोंडावर आली, बाकीचे खलाशी एकेक करून घरी आले, कोणी नाही तर फोन तरी आले, आणि रघ्याच्या बोटीचा पत्ताच नव्हता. इंजिन बिघडलं असेल म्हणायचे. बोट हद्दीपलीकडे जाऊन पकडली गेली की काय, असं कोणीतरी अर्धं बोलायचं आणि गप्प बसायचं. बायजीचा फोन फुटलाय कधीचा, म्हणून तिने रघ्याला माझा नंबर दिलेला. म्हणजे रघ्याचा फोन आला तर माझ्याच फोनवर येणार. गंगीला हे पक्कं माहीत. सकाळी मी वर्गात शिरले की आधी माझ्या हातातल्या फोनकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे. विचारायची नाही. मी मान हलवायची, नाही म्हणून, मग पाटी काढायची.

मी तरी काय करणार? एक दिवस संध्याकाळी पाड्यावर थांबले. दिवेलागण झाली, आणि गंगीला म्हटलं, आता सांग. अगं काय सांगितली तिने गोष्ट! मराठीत, माझ्यासाठी म्हणून मुद्दाम मराठीत. एक खेकडा असतो, त्याला नवरी बघायला जायचं असतं, पण तो तिरका चालतो म्हणून दर वेळी भलत्याच गावात पोचतो, आणि प्रत्येक गावात त्याला लोक जेवायला घालतात, शेवटी तो इतका जाडा होतो की नवरीच्या बिळात मावत नाही. म्हातारी माणसंपण हसत होती. मी सगळं रेकॉर्ड केलं. घरी येईस्तोवर आईने तीन फोन केले होते, चिकूवाडीच्या त्या अंधारातून स्कूटी हाणत आले, पण मी इतकी खूश होते, म्हटलं पुरावा आहे आता माझ्याकडे.

तपासणीला सुषमा मॅडम आल्या. वाईट बाई नाही हं. दमलेली होती, सकाळपासून दोन शाळा करून आली होती, पायाला फोड आला होता म्हणून चप्पल काढून बसली. मी आधीच सगळं सांगितलं, मामा, बोट, दिवसाची गोष्ट. रेकॉर्डिंग ऐकवलं. पूर्ण ऐकलं तिने, खेकड्याला हसलीसुद्धा. मग म्हणाली, "मॅडम, मला पटतंय. पण रेकॉर्डिंग चालत नाही. समोर बोललं पाहिजे. उद्या दुसरी शाळा म्हणेल आमच्याकडे पण रेकॉर्डिंग आहे, आणि मागे शिकवणारा कोण बसलाय ते मला कसं कळणार?"

म्हटलं, मग गोष्टीऐवजी दुसरं काही विचारा. बाजाराबद्दल विचारा. तासभर बोलेल.

"सगळ्यांना तेच विचारायचं असतं," ती म्हणाली. आणि ते चुकीचं पण नाही ना! मला त्याच गोष्टीचा राग येत होता, की ती चुकीचं बोलत नव्हती.

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा. तर तिने नुसतं पायाच्या फोडाकडे बघितलं.

एकेक पोर झालं. चित्र काय होतं माहितीये? बकरी एसटीत चढते, कंडक्टर तिच्याकडे तिकीट मागतो. पांड्याने बकरीला बसमधून काढून विहिरीत टाकलं, ठरल्याप्रमाणे. मग गंगी. उतारा वाचला, उत्तरं दिली. सुषमा मॅडमनी चित्र दिलं. गंगीने बघितलं, आणि अगं तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिला गोष्ट सुचली होती! मला दिसत होतं, तोंडात आली होती. आणि तिने ओठ आत घेतले, दातांत धरले.

"सांग बाळा," मॅडम म्हणाली. एकदा. दोनदा. बाहेर कोंबडं ओरडतंय भर दुपारी. मॅडमनी पेन उचललं.

तेवढ्यात विष्णू सर माझ्या कानात म्हणाले, "तुमचा फोन द्या, टाकीपाशी जाऊन रेंज बघून येतो." शाळेत रेंज नाही, पाण्याच्या टाकीजवळ येते. मी दिला. मला वाटलं, खरंच बघायला चाललेत. सुषमा मॅडमना म्हणाले, "पाच मिनिटं द्या, मुलगी हुशार आहे," आणि गेले. धोतराचा सोगा धरून पळत गेले, ह्या वयात. आणि पळतच आले. दारातूनच ओरडले, "गंगे! अगं फोन आला! तुझ्या मामाचा! वेरावळला पोचला, आज रात्री गाडीत बसतोय! सांग आता गोष्ट, सांग बिनधास्त!"

अदिती, त्या पोरीचा चेहरा. मी सांगू शकत नाही. वर्गात आरडाओरडा झाला, हिरीने तिला मिठी मारली, मलाही रडू आलं. सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि देताना माझं बोट दाबलं. जोरात. मी स्क्रीनकडे बघितलं.

एकही कॉल नव्हता. सकाळी आईचा होता, तोच शेवटचा.

मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, फळ्याकडे बघत होते. वाईट माणूस नाही तो! सव्वीस वर्षं पाड्यांवर शिकवतोय. त्याला फक्त गंगी आशागडला जायला हवी होती. मलाही तेच हवं होतं.

गंगीने चित्र उचललं. उभी राहिली. तोंड उघडलं. आणि मग थांबली आणि माझ्याकडे वळली. फोन माझा ना. रघ्या फोन करणार तर माझ्याकडे. सरांचं ऐकलं तिने, पण विचारलं मला.

"बाई, खरा?"

एवढंच. सगळा वर्ग माझ्याकडे, मॅडम माझ्याकडे, सर फळ्याकडे. आणि मी काय विचार केला ते तुला सांगते, कारण लोकांना वाटतं त्या वेळी माणूस तत्त्वाचा वगैरे विचार करतो. काही नाही. मला आधी दिसलं, हो म्हटलं तर ती गोष्ट सांगेल, बकरी, कंडक्टर, सगळं झकास, निम्मे मार्क, आशागड, पाचवी. आणि मग दिसलं, रघ्या आलाच नाही तर? होळी पेटली आणि तो आलाच नाही, तर? मग ही मुलगी जन्मभर काय समजणार? की मी भर उन्हात बकरीची गोष्ट सांगितली आणि माझा मामा समुद्रात वाट चुकला. कोण काढणार ते तिच्या मनातून? मी? कुठल्या भाषेत?

दुसरं पण मनात आलं. बाजारातली मराठी भाव करायची, खोटं बोलायची, फसवायची. माझ्या वर्गातली तशी नाही, हे तिला मीच सांगत आले होते ना रोज.

मी म्हटलं, "नाय गो. आजून नाय आला फोन."

वारलीत बोलले. का ते माहीत नाही, तेच तोंडातून आलं. आणि नेहमी मी एक शब्द बोलले की हसणारी ती पोरं, एकजणही हसलं नाही. पांड्यासुद्धा नाही. कोणी चूक काढली नाही.

गंगीने चित्र टेबलावर ठेवलं, उलटं, बकरी खाली. आणि जागेवर जाऊन बसली. रडली नाही. सुषमा मॅडमना कळलं की नाही काय झालं, मला माहीत नाही. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "सांगितली नाही, हेच लिहावं लागेल मला." म्हटलं, लिहा. चप्पल घातली, पायाला लागत होती तरी, आणि गेल्या.

 पोरं घरी गेली. मी खडू गोळा करत होते, तर विष्णू सर खोलीच्या दारात उभं राहून म्हणाले, "वर्षा मॅडम, तुमच्या खऱ्याचे पैसे त्या पोरीने भरले." आणि कुलूप माझ्याकडे देऊन निघून गेले. मला वाटलं नोकरी सोडावी. तिथेच.

आता पुढचं ऐक. मी उतार चढून टाकीपाशी आले. फोन वाजला. गुजरातचा नंबर. खरखर, वारा, आणि मग एक माणूस, "बाई? मी रघ्या. बायजीला सांगा, पोचलो. इंजिन बसलेला, दुसऱ्या बोटीने ओढून आणला. रातची गाडी पकडतो."

आज रात्रीची गाडी! सर जे बोलले होते तेच, शब्दशः! मी पर्स तिथेच टाकून पळत खाली पाड्यावर गेले. बायजी पायरीवरच बसली, तोंडावर पदर घेऊन. आणि गंगी हसली, इतकी हसली, आणि मला म्हणाली, "बाई, बरा झाला ना मी नाय सांगली? सांगली असती तर चुकला असता."

तिला वाटतंय तिने आणलं त्याला. गप्प बसून.

मी म्हटलं, आता सांग की, आला की मामा. तर आकाशाकडे बघून म्हणाली, "घरी पोचू दे आधी." होळीला पोचला रघ्या. होळीपाशी गंगीने बकरीची गोष्ट सांगितली, मराठीत, माझ्याकडे बघत, मोठ्याने. बकरी कंडक्टरला म्हणते, मी पायाने चालत होते तेव्हा तिकीट मागितलंत का? सगळा पाडा हसला. माझं निम्मं लक्षच नव्हतं. तपासणीचा निकाल गेलाय वर. गंगी चौथीत. बाप चिकूवाडीचं काही बोलत नाहीये अजून, पण नाही असंही म्हणत नाहीये. आणि विष्णू सर काल चहा पिताना म्हणतात, "मी खोटं नव्हतो हो बोललो. जरा लवकर बोललो."

तेच डोक्यात फिरतंय, अदिती. दोन तास! नुसतं हो म्हणायचं होतं, आणि दोन तासांत ते खरं झालं असतं. पण मला माहीत नव्हतं ना. कोणालाच माहीत नव्हतं.

आता बोल. तुझ्या हातात फोन आहे, त्यात कॉल नाही, आणि ती उभी आहे समोर चित्र धरून. "बाई, खरा?" म्हणतेय. तू काय म्हणाली असतीस?